खाडीच्या मिठाचे चित्र: काचेमागे ठेवावे की उघडे राहू द्यावे?

खाडीकाठ (कासारवडवली, ठाणे)

नमस्कार. आमच्या घरी संमिश्र माध्यमातील एक चित्र आहे आणि त्याच्या जपणुकीविषयी मला जाणकारांचे मत हवे आहे. चित्र साधारण चार फूट बाय तीन फूट असून कळव्याला राहणाऱ्या एका समकालीन चित्रकर्तीकडून आम्ही ते थेट विकत घेतले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव येथे देत नाही. कॅनव्हासवर खडूचे पांढरे अस्तर आहे. त्यावर अ‍ॅक्रिलिकमध्ये कालवलेला ठाणे खाडीचा गाळ, वागळे इस्टेटमधील एका बंद कारखान्यातून आणलेल्या लोखंडी पत्र्याचे गंजाचे ठसे, जुन्या खतावणीची चिकटवलेली पाने आणि मासेमारीच्या नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे आहेत. खालच्या उजव्या कोपऱ्यात खाडीचे पाणी ओतून, ते आटवून, तिथल्या तिथे मीठ धरू दिले आहे. दुरून पाहिले तर ओहोटीच्या वेळी कळव्याच्या पुलावरून दिसणारी खाडी वाटते. जवळ गेले की आकडे, जाळ्याच्या गाठी आणि मिठाचे कण वेगवेगळे दिसू लागतात.

या पावसाळ्यात मिठाचा भाग ओलसर झाला, काही ठिकाणी पाणी सुटल्यासारखे दिसले, आणि गंजाची तपकिरी कड खतावणीच्या पानात थोडी पुढे सरकली आहे. घरात दोन मते आहेत. माझे पती म्हणतात की ताबडतोब काचेची चौकट करून घ्यावी. चित्रकर्तीने विकताना सांगितले होते की हे चित्र हवेबरोबर बदलणार आहे आणि तो बदल त्यांनी गृहीत धरलेला आहे. असे चित्र पुन्हा होणे नाही, याची आम्हा दोघांनाही जाणीव आहे, म्हणूनच निर्णय घाईने करायचा नाही. जगात एकच असलेली वस्तू जपायची म्हणजे नेमके काय जपायचे?

नौपाडेकर

चित्राचे वर्णन वाचून ते पाहण्याची फार इच्छा झाली. माझे मत स्पष्ट आहे: चित्रकर्तीने बदल गृहीत धरला असेल, तर काच लावून तो थांबवणे म्हणजे तिने सुरू केलेले काम आपण मध्येच बंद पाडणे. एव्हा हेस या शिल्पकर्तीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस लेटेक्स रबरामध्ये मोठी कामे केली. ते रबर काळाबरोबर कडक आणि तपकिरी होत गेले, आणि ते टिकणारे नाही याची तिला कल्पना होती. आज त्या कामांकडे पाहताना आपण तो काळही पाहतो. तुमच्या चित्रातला गंज सरकतो आहे, हा त्याचा दोष मानू नये.

रंगद्रव्य (तुर्भे)

मी निवृत्त रसायनतज्ज्ञ असून बरीच वर्षे रंगांच्या कारखान्यात काम केले आहे. नौपाडेकरांच्या भावनेचा आदर ठेवून सांगतो की आधी कोणता पदार्थ काय करणार आहे ते पाहावे आणि मग तात्त्विक बाजू ठरवावी.

शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड, हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. खाडीचे पाणी आटवून धरलेले मीठ शुद्ध नसते. त्यात मॅग्नेशियम क्लोराईड असते, आणि ते साधारण ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलावा धरू लागते. जुलै-ऑगस्टमध्ये घोडबंदर रस्त्यावरच्या घरात खिडक्या उघड्या असतील, तर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. म्हणजे दर पावसाळ्यात तुमच्या चित्राचा तो कोपरा अंशतः विरघळेल आणि दर हिवाळ्यात पुन्हा स्फटिक धरेल. हे ऐकायला सुंदर वाटते, परंतु विरघळलेले खारे पाणी कॅनव्हासच्या सुतात आणि अस्तरात झिरपते आणि पुढे सुकताना रंगाच्या थराखाली स्फटिक तयार होतात. ते थराला आतून वर ढकलतात. जुन्या भिंतींचा गिलावा लोणा लागल्यामुळे, म्हणजे भिंतीत क्षार धरल्यामुळे, फुगून पडतो, त्याचे कारण हेच आहे.

दुसरी गोष्ट लोखंडाची. क्लोराईडच्या सान्निध्यात गंज वेगाने वाढतो, आणि लोहाचे क्षार कागदातील तंतू कमकुवत करतात. आज पानावर दिसणारी तपकिरी कड काही वर्षांनी भोक होऊ शकते. तेव्हा बदल होऊ द्यायचा की नाही, या प्रश्नाच्या आधी हे ठरवावे लागेल की कोणता बदल रंगाचा आहे आणि कोणता बदल चित्र भिंतीवरून खाली पाडणारा आहे.

मिठागर (कोपरी)

रंगद्रव्य यांनी लिहिलेले आमच्या घरात आजोबांना रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होते. आमचे कुटुंब मीठ पिकवणारे. पहिल्या पावसाच्या आत मिठाच्या राशी झाकून घ्यायची घाई असे, आणि राशीतून पाझरणारे कडू पाणी निघून गेले की मीठ कोरडे राहते, असे ते सांगत. ते कडू पाणी म्हणजे मॅग्नेशियमच असावे. संपृक्त खाऱ्या पाण्याने मीठ धुतले तर मीठ फारसे विरघळत नाही, पण कडूपणा निघून जातो. चित्रकर्तीने ते केले होते का, हे त्यांना विचारावे.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आमच्या मिठागरांचे चित्र कोणी मिठानेच काढले, याचा मला फार आनंद झाला. ते वर्षानुवर्षे टिकावे असे मला वाटते, कारण ती मिठागरे आता फारशी उरलेली नाहीत.

ऐरोलीची रहिवासी

आमच्या सासूबाईंनी हा धागा वाचून लगेच उपाय सांगितला: चित्राला ओल आली असेल तर एक दिवस गच्चीवर कडक उन्हात ठेवावे. त्यांच्या हातची वाळवणे कधी बिघडत नाहीत, म्हणून सूचना येथे नोंदवत आहे.

रंगद्रव्य (तुर्भे)

सासूबाईंना नमस्कार सांगावा, पण चित्र उन्हात ठेवू नये. अतिनील किरणांनी नायलॉनचे जाळे ठिसूळ होते, आणि खतावणीचा कागद हलक्या प्रतीचा असेल तर लाकडाच्या लगद्यातील लिग्निनमुळे तो पिवळा पडतो.

उन्हाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. मार्क रॉथको या चित्रकाराने १९६० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या भोजनकक्षासाठी मोठी भित्तिचित्रे केली. मोठ्या खिडक्यांतून येणाऱ्या प्रकाशाने त्यातला लिथॉल रेड हा लाल रंग विटून गेला आणि चित्रे कोठारात ठेवावी लागली. रंगाला हात न लावता, प्रक्षेपकाने अचूक रंगाचा प्रकाश टाकून ती २०१४ मध्ये पुन्हा दाखवण्यात आली. तिथे एका रंगद्रव्याने इतके घडवले. येथे तर पाच-सहा पदार्थ एकमेकांशी बोलत आहेत.

कलाशिक्षिका (नेरूळ)

मला या चर्चेत थोडी मागची पार्श्वभूमी जोडावीशी वाटते, कारण 'असली वस्तू चिकटवून केलेले चित्र' हा आजकालचा प्रयोग आहे, असा समज पालकांमध्ये आणि विद्यार्थ्यांमध्ये मला नेहमी आढळतो. पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या खुर्चीची वीण छापलेले मेणकापड कॅनव्हासवर लावले, त्यावर तैलरंगात रंगवले आणि भोवती चौकटीऐवजी दोर बसवला. त्याच वर्षी ब्राकने कागदाचे तुकडे चिकटवून चित्रे केली. आपल्याकडे प्रभाकर बरवे यांनी कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरला, जो एरवी दारे आणि लोखंडी सामान रंगवायला वापरतात, आणि त्यातून त्यांना हवा असलेला सपाट, चकचकीत अवकाश मिळवला. विवान सुंदरम यांनी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या पार्श्वभूमीवर कोळसा आणि इंजिनचे तेल कागदावर वापरले. तेल कागदात पसरत जाणार हे उघड होते, आणि ते पसरणे त्या विषयाला धरूनच होते. आपल्या शेजारच्या घाटकोपरचे अतुल डोडिया यांनी दुकानांच्या लोखंडी शटरवर चित्रे केली, ज्यात शटर वर सरकवले की मागचे दुसरे चित्र दिसते.

या सर्वांमध्ये एक साम्य आहे: पदार्थ हा त्या चित्राच्या अर्थाचा भाग आहे. गंजाचा रंग ट्यूबमधून काढता येतो, परंतु वागळे इस्टेटच्या पत्र्याचा गंज ट्यूबमध्ये मिळत नाही. ठाण्याविषयी बोलायचे तर सुधीर पटवर्धन यांनी १९७५ पासून ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत असताना हे शहर, त्याच्या टेकड्या, इमारती आणि कामगार रंगांत उतरवले. पोखरण रस्त्याच्या परिसरावरचे त्यांचे १९९१ मधील चित्र पाहावे. त्यांनी शहराकडे पाहून ते रंगवले. या चित्रकर्तीने शहराचे पदार्थच कॅनव्हासवर आणले. दोन्ही मार्ग मला तितकेच प्रामाणिक वाटतात, आणि दुसऱ्या मार्गात जपणुकीचा प्रश्न चित्र पूर्ण होण्याआधीच सुरू होतो.

म्हणून नौपाडेकरांशी मी अर्धीच सहमत आहे. सुंदरम यांच्या तेलाचे पसरणे आणि चुकीच्या पद्धतीने लावलेला रंग सुटून पडणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. लिओनार्दोने मिलानमधील 'शेवटचे भोजन' हे चित्र ओल्या गिलाव्यावर न करता कोरड्या भिंतीवर केले आणि त्याच्या हयातीतच त्याचा रंग सुटू लागला. तो बदल त्याला अभिप्रेत होता, असे कोणी म्हणणार नाही.

नौपाडेकर

कलाशिक्षिका यांचा भेद मला मान्य आहे, पण तो लागू करणार कोण? मालकाने 'हा बदल अभिप्रेत, तो अनभिप्रेत' असे ठरवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

चौकट (राम मारुती रोड)

मी चौकटी करण्याचा व्यवसाय करतो. या व्यवहारात माझा स्वार्थ नाही. तुम्ही कोणाकडूनही करून घ्या, पण पुढील गोष्टी पाहा.

साधी काच चित्राला टेकवून बसवली तर पावसाळ्यात आतल्या बाजूला दव धरते आणि मीठ व गाळ काचेला चिकटतो. नंतर काच काढताना चित्राचा थर काचेबरोबर येतो. दुकानात अशी चित्रे दुरुस्तीला येतात आणि माझ्या हातात काही उरलेले नसते. म्हणून खोल पेटीची चौकट करावी, आणि चित्रातील सर्वांत उंच भाग, बहुधा जाळ्याची गाठ, आणि काच यांच्यामध्ये किमान अर्धा इंच मोकळी जागा असावी.

काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक पत्रा बरेच जण सुचवतील. तो हलका असतो आणि फुटत नाही हे खरे, परंतु पुसताना त्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि सुटे कण तो स्वतःकडे ओढतो. कोळसा, पेस्टल किंवा तुमच्यासारखे मीठ आणि सुका गाळ असेल तर अ‍ॅक्रिलिक टाळावे. लॅमिनेटेड काच घ्यावी. मधल्या पापुद्र्यामुळे ती बरेचसे अतिनील किरण अडवते आणि फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. वजन वाढते, त्यामुळे भिंतीतले खिळे नीट बसवावे लागतात.

भिंत कोणती आहे, हेही सांगा. पावसाची झोड बसणारी पश्चिमेची किंवा नैऋत्येची बाहेरची भिंत असेल तर चित्र तिथून आजच काढा. चौकटीच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळती राहील.

खाडीकाठ (कासारवडवली, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. चित्र पश्चिमेच्या भिंतीवरच होते. चौकट यांचा प्रतिसाद वाचून ते आतल्या भिंतीकडे हलवले आहे. मीठ धुतले होते का, हे मी चित्रकर्तीला विचारणार आहे.

आणखी एक शंका. आमच्या ओळखीतल्या एका गृहसजावटकाराला चित्र फार आवडले. त्याचे उच्च प्रतीचे छायाचित्र घेऊन कॅनव्हासवर छापून दुसऱ्या घरात लावायची त्यांची इच्छा आहे. त्यांच्या मते चित्र आम्ही विकत घेतले असल्याने परवानगी आम्हीच देऊ शकतो. हे बरोबर आहे का?

विधिज्ञ (बेलापूर)

बरोबर नाही. चित्राची मालकी आणि त्यावरचा कॉपीराइट हे दोन स्वतंत्र हक्क आहेत. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार कलाकृतीची प्रतिकृती करण्याचा हक्क कॉपीराइटधारकाचा असतो, आणि तयार चित्र विकत घेतल्याने तो आपोआप खरेदीदाराकडे येत नाही. तुम्ही मोबदला देऊन चित्र मुद्दाम काढून घेतले असते तर वेगळा करार नसताना स्थिती निराळी झाली असती, पण तुमच्या वर्णनावरून तसे दिसत नाही. गृहसजावटकाराने चित्रकर्तीची लेखी परवानगी घ्यावी.

मूळ प्रश्नाशी निगडित असे कलम ५७ आहे. चित्र विकल्यानंतर आणि कॉपीराइट हस्तांतरित केल्यानंतरही, कलाकृतीचे विद्रूपीकरण होऊन आपल्या लौकिकाला बाध येत असेल तर कलाकाराला दाद मागता येते. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले. त्यांनी लढलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय देऊन शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. काच लावणे हे विद्रूपीकरण अर्थातच नाही. परंतु मिठाचा भाग खरवडून तिथे पांढरा रंग लावणे, असा 'उपाय' कोणी सुचवला तर तो चित्रकर्तीला विचारल्याशिवाय करू नये.

पामबीच

छापील प्रतीबद्दल एवढी नाराजी का असावी, हे मला समजले नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांची चित्रे घरोघरी पोहोचली. एकाच घरात एकच चित्र अडकून राहण्यापेक्षा ते अनेकांनी पाहिलेले चांगले नाही का?

कलाशिक्षिका (नेरूळ)

पामबीच यांचा प्रश्न योग्य आहे. रविवर्म्यांच्या ओलिओग्राफमध्ये, म्हणजे तैलचित्रांच्या रंगीत छापील प्रतींमध्ये, आकृती, मुद्रा आणि कथा प्रतीतही पोहोचत होती, आणि छापखाना त्यांनी स्वतःच काढला होता. या चित्राचे छायाचित्र छापले तर मिठाच्या जागी मिठाचा रंग येईल, जाळ्याची सावली एकाच बाजूला कायमची गोठेल आणि पान उचलून आलेली कड सपाट होईल. ती प्रत वाईट असेलच असे नाही, पण तिच्यातून चित्र पाहिल्याचे समाधान मानू नये. अनेकांनी पाहावे असे वाटत असेल तर कापूरबावडीच्या कलाभवनात चित्रकर्तीचे प्रदर्शन भरेल तेव्हा तुम्ही हे चित्र उसने द्यावे. त्यात मला सर्वांत अधिक आनंद होईल.

मिठागर (कोपरी)

एक सूचना. मीठ गेलेच, तर चित्रकर्ती पुन्हा खाडीचे पाणी आटवून ते धरू शकतील ना? मीठ दर हंगामाला नवेच पिकते.

नौपाडेकर

मिठागर यांची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिने माझ्याही मनात गोंधळ निर्माण केला आहे. पुन्हा धरलेले मीठ वेगळ्या वर्षीच्या खाडीचे असेल आणि त्याचे कण वेगळ्या जागी पडतील. तरीही चित्रकर्तीनेच केले तर तिचा तो अधिकार आहे. दुसऱ्या कोणी केले तर मी ते मूळ चित्र मानणार नाही.

रंगद्रव्य (तुर्भे)

पुन्हा पाणी ओतण्याला माझा विरोध आहे. खालचा कॅनव्हास नवा असताना त्याने ते सहन केले. आता त्यात आधीचे क्षार आणि गंज आहे. करायचेच असेल तर स्वतंत्र पातळ पट्टीवर मीठ धरून ती पट्टी बसवावी, आणि ती काढता येईल अशी असावी. जपणुकीच्या कामात केलेली कोणतीही दुरुस्ती पुढच्या माणसाला उलटवता आली पाहिजे. गव्हाच्या खळीने चिकटवलेला कागद पाण्याने सोडवता येतो, पण बाजारातील पांढरा सिंथेटिक गोंद वाळून जुना झाला की ते फार अवघड होते. खतावणीची पाने कशाने चिकटवली आहेत, हेही विचारावे.

खाडीकाठ (कासारवडवली, ठाणे)

चित्रकर्ती स्वतः घरी येऊन गेल्या. हा सगळा धागा त्यांनी शांतपणे वाचला आणि पुढील गोष्टी सर्वांना कळवण्यास परवानगी दिली.

गंज सरकणे आणि कागदाचा रंग बदलणे त्यांना अभिप्रेत आहे. कागदाला भोक पडले तरी त्यांची हरकत नाही, कारण पानाखाली त्यांनी मुद्दाम निळा थर दिलेला आहे आणि तो कधीतरी दिसावा अशी त्यांची इच्छा आहे. हे ऐकून मी ते चित्र नव्याने पाहू लागले. मिठाचे मात्र तसे नाही. मीठ धुतलेले नव्हते, आणि ते कॅनव्हासमध्ये झिरपून रंगाचा थर उचलेल, हे त्यांना नको आहे. मिठाने पांढरे आणि कोरडे दिसावे, खाडीचे पाणी ओसरल्यानंतरचे. त्यामुळे काच लावण्यास त्यांनी संमती दिली. पुन्हा पाणी ओतण्याची कल्पना त्यांनी नाकारली. गरज पडली तर रंगद्रव्य यांनी सुचवलेल्या काढता येणाऱ्या पट्टीचा त्या विचार करतील. खतावणीची पाने खळीने चिकटवलेली आहेत. छापील प्रतीला त्यांनी नकार दिला आणि तो आम्ही सजावटकाराला कळवला.

सर्व पदार्थ, त्यांचा क्रम आणि कोणता बदल चालेल व कोणता चालणार नाही, हे त्यांनी स्वहस्ते लिहून सही करून दिले आहे. मोठी संग्रहालये समकालीन कलाकृती घेताना कलाकाराकडून अशी माहिती भरून घेतात, असे त्यांनी सांगितले.

आता चौकट यांना एक प्रश्न: पेटी बंद करायची तर ती आत्ताच करावी का? हवेत अजून दमटपणा आहे.

चौकट (राम मारुती रोड)

आत्ता करू नये. आतला ओलावा पेटीत कोंडला तर काच लावून नुकसानच होईल. जानेवारी-फेब्रुवारीत हवा कोरडी असताना चित्र आतल्या खोलीत उघडे राहू द्या आणि मीठ पूर्ण सुकल्यावर पेटी बंद करा. मागच्या फळीच्या आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांसाठी कप्पा ठेवा, जो चित्र न काढता उघडता येईल. दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करता येतात. छोटा आर्द्रतामापक चौकटीच्या आतल्या कडेला लावता येतो.

रंगद्रव्य (तुर्भे)

सहमत. पेटी बंद करण्याआधी बाजूने तिरका प्रकाश टाकून चित्राची छायाचित्रे काढून ठेवा. थर कुठे फुगला आहे ते समोरच्या प्रकाशात दिसत नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्याच कोनातून छायाचित्र घेतले तर गंज किती सरकला, हे अंदाजाने सांगावे लागणार नाही. वातानुकूलन यंत्र दिवसभर बंद आणि रात्री चालू असे करत असाल तर चित्र त्या खोलीत नको. आर्द्रतेचे चढउतार मिठाला सर्वांत वाईट.

नौपाडेकर

निळ्या थराची गोष्ट वाचून फार समाधान वाटले. काच लावायला माझी आता हरकत नाही.

चौकट (राम मारुती रोड)

चौकट माझ्याकडे करायची ठरली, तर चित्र आणताना उभे धरून आणू नका. रंगाची बाजू वर ठेवून, सपाट फळीवर, दोघांनी उचलून आणावे, आणि वर प्लॅस्टिकचे वेष्टन टाकू नये. टेम्पो ठरवताना मला आधी कळवा, म्हणजे दुकानासमोर थांबायला जागा मोकळी ठेवतो.